प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस घरात आहे? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

ज्यांच्या घरी कुणाची किमो चालू आहे, कुणाची किडनी, लिव्हर किंवा बोन मॅरो बदललेला आहे, कुणी संधिवात, ल्युपस, सोरायसिस किंवा आतड्याच्या आजारासाठी 'बायोलॉजिकल' इंजेक्शनं घेत आहे, कुणी एचआयव्हीसह जगत आहे, कुणाची प्लीहा (आजीच्या भाषेत पांथरी) काढलेली आहे, त्यांच्यासाठी. मी इंदुरात संसर्गाचे रुग्ण पाहते. या विषयावरच्या परिषदांना जाऊन आलं की रामबागेपासून लोकमान्यनगरपर्यंतचे ओळखीचे लोक विचारतात, "काय नवीन कळलं? आमच्या बाबांसाठी काही आहे का?" त्या प्रश्नांची उत्तरं एकत्र असावीत, म्हणून हे लिहिलं. हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी नाही. त्यांना काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी आहे.

फाइलवर 'इम्युनोकॉम्प्रोमाइज्ड' लिहिलंय. म्हणजे नेमकं काय कमी झालंय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर हाच पहिला विचारायला हवा. प्रतिकारशक्ती ही एकच गोष्ट नाही. तिची वेगवेगळी खाती आहेत, आणि कुठलं खातं बंद पडलंय त्यावरून कुठला जंतू घुसणार हे बऱ्यापैकी ठरतं.

किमोमुळे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी उतरतात. मग आपल्याच आतड्यातले आणि कातडीवरचे जीवाणू रक्तात शिरतात. ही अवस्था लांबली की अॅस्परजिलससारख्या बुरशा येतात. प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधं आणि एचआयव्ही टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर घाव घालतात. तिथे टीबी, सीएमव्ही नावाचा विषाणू आणि न्यूमोसिस्टिस, क्रिप्टोकॉकस या बुरशा यांची भीती. रिटुक्सिमॅब नावाच्या इंजेक्शनाने अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशी जातात, आणि जुना दडलेला हेपॅटायटिस बी उसळू शकतो. म्हणूनच ते इंजेक्शन सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीच्या तपासण्या करतात. 'उगाच बिल वाढवलं' असं समजू नका. प्लीहा नसेल तर न्यूमोकॉकससारखे जीवाणू काही तासांत माणसाला गंभीर करू शकतात.

स्टेरॉइडचं काय? प्रौढ माणसाला रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा अधिक चालू असेल, तर आम्ही त्याला याच यादीत धरतो. मधुमेह बेसुमार वाढलेला असेल तर तोही दाराशी उभाच आहे.

तर डॉक्टरांना विचारायचं ते असं: "यांचं काय कमी आहे, आणि किती दिवस कमी राहील?"

या परिषदांमध्ये तुम्ही करता तरी काय?

जेवणाची रांग लांब असते, हे खरं आहे. पण त्याआधी बरंच काम होतं.

हा विषय फार जुना नाही. तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांत न्यूट्रोफिल जितके कमी आणि जितके दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त, हे जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली आकड्यांनिशी दाखवलं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया झाल्याची छोटीशी नोंद आली. धडधाकट माणसांना न होणारा हा आजार त्यांना का व्हावा, या प्रश्नातून एड्सचा शोध लागला. पुढे प्रत्यारोपणं वाढली, नवी औषधं आली आणि असे रुग्ण सगळीकडे दिसू लागले. ल्युकेमिया आणि बोन मॅरोच्या रुग्णांतल्या संसर्गांसाठी युरोपात २००५ पासून ईसीआयएल नावाची परिषद भरते. तिथे तज्ज्ञ पुरावे चाळून 'हे करा, हे करू नका' असं ठरवतात, आणि ते कागद आम्ही इंदुरात बसून वापरतो. आपल्याकडे क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस सोसायटीची वार्षिक परिषद, सिड्सकॉन, असते.

सभागृहात सगळ्यात जास्त गर्दी कशाला? नव्या औषधाच्या भाषणाला नव्हे, तर अवघड केसच्या चर्चेला. एक डॉक्टर उठतो आणि सांगतो: किडनी बदललेला चाळिशीचा माणूस, तीन आठवडे ताप, छातीच्या सीटीत गाठी; पुढे काय कराल? मग टीबीवाले, बुरशीवाले, कॅन्सरवाले आपापसात भांडतात. परदेशी मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे कुठे तोकडी पडतात, हे त्याच भांडणात कळतं. तिकडच्या पुस्तकात टीबी यादीत खाली असतो. इथे त्याला वर घ्यावं लागतं.

औषध कंपन्या खर्च करतात ना? मग विश्वास कसा ठेवायचा?

प्रश्न रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांच्या जाहिरात-व्यवहारासाठी नवी आचारसंहिता काढली. त्यानुसार परिषदेत बोलायला येणारे वक्ते वगळता डॉक्टरांचा प्रवास आणि हॉटेलखर्च कंपन्यांनी करायचा नाही. तरी स्टॉल असतात, बॅनर असतात. माझा साधा नियम: महागड्या बुरशीविरोधी औषधावरचं भाषण ऐकताना वक्त्याची पहिली स्लाइड बघायची, जिथे तो कुणाकडून पैसे घेतो ते सांगतो. ती स्लाइड झरकन सरकली तर पुढचं जरा चाळूनच ऐकायचं.

रुग्णाला किंवा नातेवाइकाला तिथे येता येतं का?

बहुतेक नाही, नोंदणी डॉक्टरांसाठी असते. आणि किमो चालू असलेल्या माणसाने बंद एसी हॉलमधल्या हजारभर लोकांत यावं, असं मी तरी सांगणार नाही.

ताप ९९ आहे. थांबू का?

९९ला थांबा, पण तासाभराने पुन्हा मोजा. पुढचे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा: एकदाही १०१ फॅरेनहाइट (३८.३ सेल्सियस), किंवा १००.४ (३८ सेल्सियस) तासभर टिकला, तर निघायचं. रात्रीचे दोन वाजले असोत की दिवाळीचा पाडवा असो. न्यूट्रोफिल कमी असताना आलेला ताप ही हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची गोष्ट आहे. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

एवढी घाई कशाला, तर या रुग्णांत संसर्ग गुपचूप येतो. पू मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच बनतो. न्यूट्रोफिल नाहीत तर पू नाही, लाली नाही, सूज नाही. न्यूमोनिया असूनही सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. लघवीत जंतू असतात, पण जळजळ नसते. शत्रूशी झुंजणारंच कुणी नसल्यामुळे आवाज होत नाही. अशा वेळी ताप ही एकमेव खूण असू शकते, आणि स्टेरॉइड चालू असेल तर तीही दबते. म्हणून "बाकी काही त्रास नाही, नुसती कणकण आहे" हे वाक्य मला धीर देत नाही, उलट कामाला लावतं. ताप नसताना अचानक थंडी वाजून हुडहुडी भरली, बीपी उतरलं, माणूस भलतंच बोलायला लागला, लघवी कमी झाली, तरीही तेच: निघायचं.

आपल्या लोकांची एक सवय आहे, दुखणं अंगावर काढायची. आजी न्यूमोनिया अंगावर काढून नव्वदीपर्यंत जगली, हे खरं असेल. पण आजीचे न्यूट्रोफिल जागेवर होते.

तीन बारीक गोष्टी. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. आकडा झाकला जातो आणि वेळ हातची जाते. थर्मामीटर तोंडात किंवा काखेत लावा, गुदद्वारातून कधीच नाही. काखेतला आकडा थोडा कमी येतो, हे धरून चाला. आणि न्यूट्रोफिल, प्लेटलेट कमी असताना एनिमा आणि कमरेतली इंजेक्शनं गल्लीतल्या दवाखान्यात घेऊ नका.

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात काय बघायचं?

एकूण पांढऱ्या पेशी बघून थांबू नका. न्यूट्रोफिलांच्या टक्क्याने त्यांना गुणा आणि शंभराने भागा. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर उत्तर ३६०. पेशी ३००० म्हणून निश्चिंत झालात, पण न्यूट्रोफिल १० टक्केच असतील, तर उत्तर ३००. म्हणजे दुसरा रिपोर्ट दिसायला बरा, पण प्रत्यक्षात जास्त वाईट. ५००च्या खाली धोका मोठा, १००च्या खाली फारच मोठा. बऱ्याच किमोंत हा आकडा साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान तळाला जातो. लग्नाला जायचं की नाही, हे त्या दिवसांवरून ठरवा.

खाण्याचं काय? पोहे-जिलबी पूर्ण बंद?

इंदुरात हा प्रश्न तापाच्या प्रश्नाआधी येतो, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

पूर्वी अशा रुग्णांना कच्चं काहीही नाही, फळ नाही, सगळं उकडून, असा 'कमी जंतूंचा आहार' सरसकट देत. पुढे तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. त्यांत नीट धुऊन, स्वच्छतेने बनवलेलं साधं अन्न खाणाऱ्यांपेक्षा त्या कडक आहारावरच्या लोकांना संसर्ग कमी झाले नाहीत; फक्त त्यांचं जेवण बेचव झालं. त्यामुळे माझा भर आता यादीपेक्षा पद्धतीवर असतो. बोन मॅरो युनिटचा स्वतःचा नियम असेल तर मात्र तोच पाळा.

पोहे घरी करा, गरम खा, वर शेव आणि जीरावन मसाला घाला, काही हरकत नाही. हरकत आहे ती वरून घातलेल्या, तासन्‌तास चिरून ठेवलेल्या कच्च्या कांद्याला. जिलबी तुमच्यासमोर कढईतून निघालेली असेल तर तिच्यातल्या जंतूंपेक्षा तुमच्या साखरेची मला जास्त काळजी. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातले थंड दहीवडे, पाणीपताशाचं पाणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाड्यावरची कापलेली फळं: न्यूट्रोफिल कमी असताना आणि प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे नाही म्हणजे नाही. गराडू (आपला मसालेदार कंद) तळलेलाच असतो. घरी आणून तळा. सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत उभं राहून खाणं हा वेगळाच धोका, आणि त्याचा गराडूशी संबंध नाही.

दूध उकळलेलं किंवा पाश्चराइज्डच. गवळ्याकडचं निरसं दूध, त्याचं पनीर, खरवस टाळा; ब्रुसेला आणि लिस्टेरिया तिथूनच येतात. घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही बहुतेकांना चालतं, पण न्यूट्रोफिल तळाला असताना डॉक्टरांना विचारून घ्या, आणि प्रोबायोटिकची पाकिटं आपल्या मनाने सुरू करू नका. पाणी नर्मदेचं असो की बोअरचं, खळखळून एक मिनिट उकळून झाकून ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, उकळण्याला देतो.

एक सूचना फक्त टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना. ग्रेपफ्रूट आणि त्याच जातीचं पपनस खाऊ नका, रक्तातली औषधाची पातळी वाढू शकते. गणपतीच्या दिवसांत प्रसादाच्या ताटात पपनसाच्या फोडी हमखास असतात.

घरातली धूळ, कबुतरं, कुंड्या?

अॅस्परजिलसचे बीजकण हवेत सगळीकडे असतात. बांधकाम आणि पाडकामात ते ढगासारखे उठतात. राजवाड्याच्या आसपास जुना वाडा पाडत असतील, घरासमोर रस्ता खोदत असतील, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि त्या दिवसांत रुग्णाला घेऊन त्या रस्त्याने जाऊ नका. घराचं रंगकाम पुढे ढकला.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस असतो. बाल्कनी दुसऱ्या कुणीतरी साफ करावी, आधी पाणी मारून, मास्क लावून. दाणे टाकायचं पुण्य काही दिवस दुसऱ्याला मिळू द्या.

आता खास इंदुरी गोष्ट. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात ओल्या कचऱ्याचं खत घरीच करणारे पुष्कळ आहेत. काम चांगलंच, पण त्या डब्यातलं खत ढवळताना उडणारी धूळ म्हणजे बुरशीचे बीजकणच. रुग्णाने तो डबा उघडू नये, कुंडीतली माती उकरू नये. मांजर असेल तर तिचा ट्रे रोज साफ करावा, पण रुग्णाने नव्हे. मांजर घरातून काढायची गरज नाही.

आणि भटकं कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, लगेच रुग्णालयात जा आणि प्रतिकारशक्ती कमी असल्याचं स्पष्ट सांगा. अशांना लसीच्या पूर्ण कोर्सबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ओरखडा किरकोळ असला तरी.

गणपतीला लोक येतात. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते. कुणाला नाही म्हणायचं?

सर्दी, खोकला, ताप, अंगावर पुरळ असलेल्या कुणालाही. अगदी सख्ख्या आत्यालाही. बाकीच्यांनी हात धुऊन यावं आणि खोलीत थोडाच वेळ बसावं. आरतीच्या वेळी रुग्णाने मागच्या खोलीतून टाळ्या वाजवल्या तर बाप्पा रागावत नाही. हळदीकुंकवाच्या बायका दारातून परत पाठवायला वहिनींना संकोच वाटतो, म्हणून मी काहींना चिठ्ठी लिहून दिली आहे: 'डॉक्टरांनी मनाई केली आहे.' नाव माझं घ्या, माझी हरकत नाही.

गेर गॅलरीतून किंवा टीव्हीवर बघा. लाखोंची गर्दी, उडणारा कोरडा गुलाल आणि टँकरचं पाणी यांपैकी एकही गोष्ट कमी न्यूट्रोफिलवाल्याच्या कामाची नाही.

लस घ्यायची की नाही?

घ्यायची, पण कुठली ते बघून. जिवंत जंतूंच्या लसी (एमएमआर, कांजिण्या, बीसीजी, तोंडातून द्यायचा पोलिओ, पीतज्वर) प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना द्यायच्या नाहीत. निर्जीव लसी, म्हणजे दरवर्षीचा फ्लू, न्यूमोकॉकस, हेपॅटायटिस बी, द्यायच्या. शक्य असेल तर उपचार सुरू व्हायच्या किमान दोन आठवडे आधी. प्रत्यारोपणाची तारीख ठरेपर्यंत लसीचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तारीख ठरली की वेळ उरत नाही. बोन मॅरो बदलल्यावर लहानपणीच्या लसींची आठवण शरीर बरीचशी विसरतं. त्या सहसा पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. प्लीहा काढायची असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तिन्ही लसींचं आधी बोलून घ्या.

घरातल्यांनी लसी घेतल्या तर रुग्णाभोवती कुंपण तयार होतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या डॉक्टरांना रुग्णाबद्दल सांगा. तोंडातून दिलेल्या पोलिओ लसीचा विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. लंगोट रुग्णाने बदलू नये.

टीबीच्या तपासण्या आधीच का करतात? खोकला तर नाही.

जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत, आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो. संधिवाताचं अँटी-टीएनएफ इंजेक्शन, उदाहरणार्थ इन्फ्लिक्सिमॅब, त्याला जागं करू शकतं. हे २००१ सालापासून माहीत आहे. म्हणून आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे. दडलेला टीबी निघाला तर प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स असतो. 'आजार नाही तर गोळ्या कशाला' म्हणून तो मधेच सोडणारे खूप. सोडू नका.

किडनी बदललेल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी धाडकन खाली आणतं, आणि किडनी नाकारली जाऊ शकते. उलट व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध ती पातळी वर नेतं. कुठलंही नवं औषध सुरू करताना दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. अगदी मागे लागून.

सांधेदुखीच्या पुडीने आईला फार बरं वाटतं. चालू ठेवू?

ती पुडी आधी मला दाखवा. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेतली की चेहरा गोल होतो, साखर चढते, कातडी पातळ होते, आणि आपण 'इम्युनोकॉम्प्रोमाइज्ड' आहोत हे माणसाला कळतही नाही. कॅज्युअल्टीत विचारलं, "काही औषध चालू?" तर उत्तर येतं, "नाही, नुसती आयुर्वेदिक पुडी." आमच्या परिषदांमध्ये नव्या-नव्या बायोलॉजिकल औषधांवर सत्रांमागून सत्रं होतात, या पुडीवर एखादं तरी व्हावं, असं मला फार वाटतं. कारण ओपीडीत मला तीच जास्त भेटते.

बरं, अचानक बंदही करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकदम तोडलं तर बीपी कोसळू शकतं. डॉक्टर हळूहळू उतरवतील.

स्टेरॉइडशी जोडलेला एक विसरला जाणारा जंतू: स्ट्राँगिलॉइडिस, अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायांतून शिरणारा बारीक कृमी. तो वर्षानुवर्षं निमूट राहतो आणि स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरतो. शेतात अनवाणी काम केलं असेल तर तसं सांगा. मोठा डोस देण्याआधी तपासणी करता येते किंवा आयव्हरमेक्टिन हे कृमीचं औषध देता येतं.

काळी बुरशी परत येईल का?

ती गेलेलीच नाही. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने इंदूरचे वॉर्ड भरले आणि दवा बाजारात अॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी लोक वणवण फिरले, म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण बेताल साखर असलेल्या रुग्णांत आम्ही ती त्याआधीही बघत होतो, आजही बघतो. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, वरचे दात अचानक हलणं, टाळूवर काळा डाग: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. इथे औषधाइतकीच शस्त्रक्रियाही महत्त्वाची, आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय दोन्ही तोकडी.

नागीण झाली आहे. तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस दगावतो म्हणतात?

तसं काही नाही. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, नसेच्या मुळाशी दबा धरून बसलेला. निरोगी माणसात ती एका नसेच्या पट्ट्यात, एका बाजूलाच राहते. जुळण्याचा प्रश्नच येत नाही. पण प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांत ती पट्टा सोडून अंगभर, क्वचित फुफ्फुसात आणि मेंदूत पसरू शकते. जुन्या लोकांची भीती सगळीच हवेतून आलेली नसावी. गेरू लावण्यात दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम, आणि या रुग्णांत उशीर झाला तरी देतात. नागिणीची जिवंत जंतू नसलेली, दोन डोसांची लस भारतात २०२३ पासून मिळते. महाग आहे, तरी विचारा.

गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर?

प्रत्यारोपण झालेल्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबलेली असते, नवं इंद्रिय शरीराने टाकू नये म्हणून. ल्युपस किंवा संधिवातात तीच शक्ती स्वतःच्या अंगावर उठलेली असते. तिला 'वाढवून' काय साधणार? शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. काढा घेतच असाल तर लपवू नका. मी ओरडणार नाही; फक्त लिव्हरचा रिपोर्ट बघेन.

प्रत्यारोपणानंतर किती दिवस जपायचं?

पहिला महिना शस्त्रक्रियेचे आणि रुग्णालयातले जंतू. दुसऱ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत सगळ्यात जपायचं, कारण औषधांचा जोर तेव्हा जास्त असतो. सीएमव्ही, न्यूमोसिस्टिस याच काळातले. न्यूमोसिस्टिस टाळण्यासाठीच सेप्ट्रानची गोळी देतात. ती 'जुनी, स्वस्त' म्हणून वगळू नका. सहा महिन्यांनंतर, सगळं ठीक असेल तर, धोका बराचसा साध्या माणसासारखा होतो. पण किडनी नाकारली गेली आणि औषधं वाढवली, तर घड्याळ पुन्हा मागे जातं.

एचआयव्ही आहे, म्हणजे हे सगळं आयुष्यभर?

नाही. एआरटी (एचआयव्हीची औषधं) नियमित असेल, विषाणू दबलेला असेल आणि सीडी४ (टी-पेशींची संख्या) चांगली वाढलेली असेल, तर या पानावरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. सीडी४ २००च्या खाली असेल तर मात्र न्यूमोसिस्टिसची गोळी, टीबीची तपासणी आणि क्रिप्टोकॉकसची रक्तचाचणी हवी. औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत आहेत. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा.

एवढी भारी अँटिबायोटिकं देऊनही ताप उतरत नाही. का?

कधी जंतू प्रतिरोधक असतो. आपल्या आयसीयूंमध्ये कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकांनाही न जुमानणारे क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जीवाणू नवे नाहीत. कधी तो जीवाणूच नसतो, बुरशी किंवा विषाणू असतो. कधी सेंट्रल लाइनच (मोठ्या शिरेत घातलेली नळी) दूषित असते आणि ती काढावी लागते. आणि कधी ताप औषधाचा किंवा मूळ आजाराचा असतो. म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू वाढतो ती तपासणी) घेतात. त्यासाठी दोनदा रक्त काढलं तर नर्सशी भांडू नका. घरी उरलेली अँटिबायोटिकची पट्टी तापाच्या पहिल्या रात्री आपल्या मनाने दिली, तर तेच कल्चर कोरं येतं. अपवाद एकच: प्लीहा नसलेल्यांना डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेली गोळी. ती ताप आला की घ्यायची आणि तसंच निघायचं.

२०२८ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. बाबांची किडनी बदलून तोवर बरीच वर्षं झालेली असतील. जाऊ का?

दर्शनाला, पर्वणीचे दिवस सोडून, मास्क लावून, स्वतःचं पाणी घेऊन: डॉक्टर हो म्हणाले तर जा. क्षिप्रेत डुबकी नको. पाणी नाकातोंडात जातं, आणि कातडीवर जखम असेल तर तिथूनही. घरी आणलेलं तीर्थ अंगावर शिंपडा. प्यायला देऊ नका.

रात्री कॅज्युअल्टीत गेल्यावर काय सांगायचं?

एमवायला (सरकारी रुग्णालयात) जा किंवा खासगीत, रात्री समोर असणारा डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो आणि त्याच्यासमोर वीस लोक उभे असतात. "ताप आलाय" म्हणालात तर तुम्ही एकविसावे. सांगायचं असं: "यांची किमो अमुक तारखेला झाली, शेवटच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल इतके होते, आता ताप १०१ आहे." किंवा "किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस चालू आहे." हे पहिल्या वाक्यात यायला हवं.

बरोबर काय न्यायचं: शेवटचा डिस्चार्ज कागद, सध्याच्या औषधांची यादी, शेवटचे दोन सीबीसी, आधीच्या कल्चरमध्ये कुठला जंतू निघाला होता तो रिपोर्ट, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे ते, आणि मूळ डॉक्टरांचा नंबर. आधीच्या कल्चरचा रिपोर्ट लोक हमखास घरी विसरतात. पहिलं अँटिबायोटिक कुठलं निवडायचं, ते त्यावरून ठरतं. सगळ्याचे फोटो फोनवर असतील तरी चालेल, पण तो फोन रुग्णाचा असेल तर त्याचा पासवर्ड येणारं कुणीतरी बरोबर असू द्या.